गोव्यातलं थंडीतलं धुकं ४ बाय ५ वर: ब्लॅक अँड व्हाइट भरायची की स्लाइड?

४ बाय ५ इंची शीट फिल्मच्या मोठ्या कॅमेऱ्यात एका होल्डरमध्ये दोनच शीट बसतात. सहा होल्डर म्हणजे बारा शीट, म्हणजे अख्ख्या सकाळी बाराच फोटो, तेव्हा काय भरायचं ते घरीच ठरवून निघ. मी दिवाडी आणि चोडण या मांडवीतल्या बेटांवर दोन्ही नेऊन पाहिल्यात. पहिल्यांदाच जात असशील तर सरळ एफपी४ (इलफर्डची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) भर, आणि एखाद्या होल्डरमध्ये प्रोव्हिया १००एफ (फुजीची स्लाइड, म्हणजे थेट रंगीत पॉझिटिव्ह देणारी फिल्म).

स्लाइडला लोक उगाच घाबरतात. ती जेमतेम पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पकडते हे खरं, पण दाट धुक्यात उजेड आणि सावलीत फरकच दोन-तीन स्टॉपचा असतो, त्यामुळे स्लाइडचा कडक कॉन्ट्रास्ट तिथे उलट कामाला येतो. खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतात, पाणी भरलेलं असतं, सूर्य यायच्या आधी त्या पाण्यात जो फिकट जांभळा रंग उतरतो तो लाइट बॉक्सवर ठेवलेल्या ४ बाय ५ स्लाइडमध्ये बघितलास ना, की मग दुसरं काही बघवत नाही. शिवाय प्रोव्हियाला १२८ सेकंदांपर्यंत एक्स्पोजर वाढवून द्यायची गरज नाही, फुजीच्याच व्हेल्विया ५० या स्लाइडला मात्र चार सेकंदांपासूनच थोडं वाढवावं लागतं आणि रंगही सरकतो.

पण माडांच्या मागून सूर्य वर आला की स्लाइडचं काम संपलं. एकतर आकाश पांढरं फटक, नाहीतर बांध काळाकुट्ट.

एफपी४ इथे सांभाळून घेते, आणि मला ती जवळची वाटते त्याचं खरं कारण पुढचं आहे. रोल फिल्ममध्ये सगळे फोटो एकाच वेळेत डेव्हलप होतात, शीट मात्र एकेक वेगळी करता येते, म्हणजे धुक्यातली सपाट शीट जास्त वेळ ठेवायची, उन्हातली कमी. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांची झोन सिस्टिम ती हीच, आणि एवढा जड कॅमेरा उचलून न्यायचा तर हा फायदा सोडायचा कशाला? स्लाइड सहसा बाहेरच्या लॅबला पाठवावी लागते, हे तुझ्या हातात राहत नाही. फक्त पाणी बघ. डेव्हलपिंग साधारण २० डिग्रीला करतात, पण आपल्याकडे नळाचं पाणी थंडीतही तेवढं थंड येत नाही, आणि गरम पाण्यात वेळ इतका कमी होतो की पाच मिनिटांच्या खाली गेलं की ट्रेमध्ये आकाशावर डाग आणि पट्टे येतात. माझ्या दोन चांगल्या शीट अशाच गेल्या, तेव्हापासून बर्फाची पिशवी ट्रेखालच्या टबात ठेवतो.

लांब एक्स्पोजरला एफपी४ वेळ जास्त खाते, मीटरने १० सेकंद सांगितले तर साधारण १८ दे. एवढ्यात मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) येणारं पाणी गुळगुळीत होतं, ते मला आवडतं, पण माडाची झावळं हलली तर हलली.

नारिंगी फिल्टर लांबच्या डोंगरावरचा धुरकटपणा कापतो, खऱ्या धुक्यावर त्याचा काही उपयोग नाही.

मीटर दोन्ही फिल्मना फसवतो. पांढरं धुकं त्याला करडं वाटतं, म्हणून एक स्टॉप जास्त दे. जानेवारीत हिमाचलला बर्फात जाणार असशील तर दीड ते दोन, आणि तिथे स्लाइडवर सावल्या निळ्या येतात, कारण त्यांच्यावर फक्त आकाशाचा उजेड पडतो.

आणि दव. पहाटे काळ्या कापडाखाली डोकं घातलं की श्वासानेच ग्राउंड ग्लास (कॅमेऱ्यामागची, चित्र दाखवणारी काच) धूसर होते, उलटा दिसणारा बांध अचानक नाहीसा होतो आणि तुला वाटतं फोकस गेला. श्वास बाजूला सोड. गाडीत एसी लावून जाऊ नकोस, थंड लेन्स बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरतं आणि ते सुकेपर्यंत धुकं उठलेलं असतं.