वाऱ्याचा वेग मोजायला वाट्यांचं यंत्र की अल्ट्रासॉनिक?

कोल्हापुरात गच्चीवर बसवायचं तर आमचं मत वाट्यांच्या बाजूने. तीन वाट्या फिरतात, आतलं चुंबक रीड स्विच (चुंबक जवळ आलं की मिटणारी बारीक कळ) मिटवतं. सहज मिळणाऱ्या स्वस्त संचात सेकंदाला एकदा स्विच मिटला की वेग ताशी 2.4 किमी. दिशेसाठी वेगळा वातदर्शक, त्यात 8 रीड स्विच आणि वेगवेगळे रोध (रेझिस्टर). बिघडतं ते बेअरिंग: धूळ, त्यावर जून-जुलैचा पाऊस, की मंद वाऱ्यात वाट्या हलतच नाहीत आणि पडद्यावर आरामात शून्य. बेअरिंग साफ करा, नाहीतर बदला, घरी जमतं.

अल्ट्रासॉनिकमध्ये झिजणारं काहीच नाही. सेन्सरांच्या निदान दोन जोड्यांमधून ध्वनी जायला-यायला लागणाऱ्या वेळेतला फरक मोजून वेग आणि दिशा एकदम मिळते, अगदी झुळूकही. पण सेन्सरवर थेंब साचला की आकडे उड्या मारतात, वर कावळा बसला तर विचारूच नका. शिवाय महाग, आणि बिघडलं तर घरी दुरुस्ती नाही.

दोन्हींना उत्तर दिशा दाखवावी लागते. त्यासाठी होकायंत्र लोखंडी पाइपापासून चार पावलं लांब धरा. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला मात्र दोन्ही सारखीच खोटं बोलतात.