खराट्याचे हीर आणि स्क्रॅच: सहा महिने वर्गात वापरल्यानंतर

चौथी-पाचवीच्या मुलांना काड्यांचे जोडचौकोन दिले की एक उत्तर हमखास येतं: एका चौकोनाला 4 काड्या, म्हणजे 10 चौकोनांना 40. खरं उत्तर 31, कारण शेजारच्या दोन चौकोनांची मधली काडी सामाईक असते. फळ्यावर सांगून हे पटत नाही. काड्या मांडून पटतं, आणि ‘चौकोन गुणिले 3, अधिक 1’ मधला तो 1 कुठून आला हे स्क्रॅचमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायच्या मुलांच्या संगणकभाषेत, डोळ्यांना दिसतं. म्हणून ही जोडी आता सोडवत नाही.

काडेपेटीपेक्षा खराट्याचे हीर बरे. जाड बाजूकडून 5-5 सेंटीमीटरचे तुकडे करा. शेंड्याकडचे वाकतात, ते टाकून द्या. दोन मुलांत 35 तुकडे पुरतात. पंखा बंद ठेवा, नाहीतर सतरंजीवर मांडा. आधी एक उभी काडी, मग प्रत्येक चौकोनाला तीन. 4, 7, 10, 13 असा तक्ता वहीत झाल्याशिवाय संगणक उघडू नका. ही घाई केली की मुलं ब्लॉक जोडतात, आकृतिबंध मात्र निसटतो.

स्क्रॅच 3 मध्ये रेघ काढणारे पेनचे ब्लॉक आपोआप दिसत नाहीत. डावीकडे खालच्या कोपऱ्यातल्या एक्स्टेंशनमधून (जादा ब्लॉकच्या यादीतून) घ्यावे लागतात. इंटरनेटचा भरवसा नसेल तर ऑफलाइन ॲप आधीच टाकून ठेवा.

सुरुवात अशी: सगळं पुसा, ‘काड्या’ हा व्हेरिएबल (मोजणीचा आकडा साठवणारी जागा) 0 करा, पेन वर, एक्स -200 वाय 0 वर जा, दिशा 0 (वरच्या बाजूला), पेन खाली, 30 पावलं, काड्या 1 ने वाढवा. ही पहिली उभी काडी, रिपीटच्या (आतलं पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या ब्लॉकच्या) बाहेर. रिपीटच्या आत दिशा 90, 180, -90 (उजवीकडे, खाली, डावीकडे) आणि प्रत्येकी 30 पावलं. दर काडीला ‘काड्या’ 1 ने वाढवायचा. मग पेन वर करून दिशा 90 आणि 0 ने 30-30 पावलं, म्हणजे पुढच्या चौकोनाची जागा, आणि पेन खाली. दर काडीनंतर अर्धा सेकंद थांबवा. नाहीतर चित्र क्षणात संपतं आणि काहीच कळत नाही.

सगळ्यात फसवी चूक या परतीच्या दोन चालींत आहे. त्यांनाही मोजणी जोडली की चित्र अगदी बरोबर दिसतं, पण 10 चौकोनांना 31 ऐवजी 51 येतात. अशा वेळी स्वतः दुरुस्त करू नका, मुलांना काड्या पुन्हा मोजायला लावा. सुरुवातीचं ‘पेन वर’ घालायचं राहून गेलं तर दुसऱ्यांदा चालवताना तिरकी रेघ उमटते. रंगमंच 480 रुंद आहे, त्यामुळे 30 च्या काडीचे 14 चौकोन बसतात; 20 हवे असतील तर लांबी 20 करा.

काही मुलं पहिला चौकोन पूर्ण मांडतात, मग तीन-तीन जोडतात. तेही बरोबर आहे, फक्त रिपीटमध्ये एक कमी येतो: 4 अधिक 9 गुणिले 3. दोन्ही प्रोग्रॅम शेजारी ठेवून 31 जुळलेले पाहणं, यासाठी एक पूर्ण तास द्यावा.

उणीव एकच मोठी आहे: स्क्रॅचमधल्या मांजराचे पोशाख आणि आवाज यांत पहिले दोन तास जातात. ते जाऊ द्या. त्यानंतर दुमजली (एकावर एक दोन) चौकोन द्या: 7, 12, 17. रिपीटच्या बाहेर यावेळी किती काड्या राहतील, हे आधी हिरांनी मांडून सांगायचं.