रिस्पीकर माइक अ‍ॅरे 2.0 : चादरीच्या दुकानात चालेल, मागाच्या शेडमध्ये नाही

सीड स्टुडिओ या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा हा 70 मिलिमीटर व्यासाचा गोल बोर्ड. चार माइक, आवाजावर प्रक्रिया करणारी एक्समॉसची एक्सव्हीएफ-3000 चिप, आणि यूएसबीने थेट रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडता येतो. गिऱ्हाइकाशी बोलणारा रोबोट बनवायचा तर आधी त्याला बोलणारा कुठल्या बाजूला आहे ते कळायला हवं. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या चादर-टॉवेलच्या दुकानात या बोर्डाला ते जमतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, धोट्याचे माग चालू असलेल्या शेडमध्ये जमणार नाही.

हिशेब साधा आहे. मागांचा खडखडाट 100 डेसिबलच्या आसपास, मीटरभरावरून मोठ्याने बोलणारा माणूस 75 ते 80. म्हणजे बोलणं 20 ते 25 डेसिबल खाली दबलेलं. चार माइकांचे आवाज जुळवून मिळवले तरी फायदा फार तर 6 डेसिबलचा. शिवाय मोटरच्या 100-200 हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी पावणेदोन ते साडेतीन मीटर असते. बोटभर अंतरावरच्या माइकांना ती कुठून येते ते उमगत नाही. शेडमध्ये कामगाराला तोंडाजवळचा हेडसेट द्या, नाहीतर रोबोटवर सरळ बटणं बसवा.

दुकानात मात्र बसवणीवर सगळं अवलंबून आहे. माइकांमध्ये 6 सेंटिमीटर अंतर धरलं, तर आवाज पोहोचण्यातला फरक जास्तीत जास्त 175 मायक्रोसेकंद. 16 किलोहर्ट्झला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला 16 हजार नमुने घेताना, हे पुरते तीन नमुनेही होत नाहीत. कोन काढायचा तो एवढ्याशा फरकावरून. म्हणून बोर्ड रोबोटच्या डोक्यावर सपाट, सगळ्यात वर बसवा. त्याच्या वर झाकण किंवा स्क्रीन नको. खाली रबरी वॉशर घाला, म्हणजे चाकांची थरथर माइकात उतरत नाही. रास्पबेरी पायचा पंखा निदान हातभर लांब ठेवा. टॉवेलचा तूस माइकच्या बारीक भोकात बसतो, आणि चारांपैकी एक माइक बुजला की कोन एका बाजूला ओढला जातो. वर पातळ जाळीदार कापड ताणून लावा, ते दर आठवड्याला झटका.

सगळ्यात जास्त चूक होते ती स्पीकरच्या जोडणीत. स्पीकर बोर्डाच्याच 3.5 मिलिमीटर जॅकला लावा आणि आवाजही या बोर्डामार्फतच वाजवा. स्पीकर पायच्या जॅकला किंवा ब्लूटूथला लावला, तर रोबोट काय बोलतोय ते चिपला कळत नाही, मग प्रतिध्वनी कापणार कसा? रोबोट स्वतःच्याच बोलण्याला उत्तर देत बसतो.

बोर्डाची सेटिंग tuning.py या स्क्रिप्टने बदलतात. बोर्ड वापरायची परवानगी देणारा यूडेव्ह नियम आधी टाका, नाहीतर दर वेळी सुडो (प्रशासकाचे अधिकार) लागेल. पंख्यांच्या घरघरीसाठी एचपीएफऑनऑफ (HPFONOFF) हे सेटिंग 3 करा, म्हणजे 180 हर्ट्झखालचं कापलं जातं. गॅमाव्हॅड (GAMMAVAD_SR), म्हणजे कुणी बोलतंय हे ठरवायचा उंबरठा, मुळात 3.5 डेसिबल असतो. भर गर्दीत रोबोट उगाच वळत असेल तर तो थोडा थोडा वाढवा. फार वाढवलात तर हळू बोलणाऱ्या आजीबाई त्याला ऐकूच येणार नाहीत.

कोन 0 ते 359 असा येतो, पण बोर्डाचं शून्य म्हणजे रोबोटचं तोंड नव्हे. दर 45 अंशांवर उभं राहून बोला आणि फरक प्रोग्राममध्ये वजा करा. माणूस बोलत असतानाचीच शेवटची पाच वाचनं घेऊन त्यांतलं मधलं धरा. काचेच्या शोकेसला खेटून रोबोट उभा केला तर तो परावर्तित आवाजाकडे वळतो; दोन हात सोडून ठेवा. उंची आणि अंतर हा बोर्ड सांगत नाही. काउंटरशी उभं असलेलं पोर की त्याचे वडील, हे कॅमेऱ्यालाच ठरवू द्या.

दोघं एकदम बोलले की हा एकच कोन इकडून तिकडे उड्या मारतो. त्यावर उपाय म्हणजे सहा चॅनलचं फर्मवेअर (बोर्डाच्या आतला प्रोग्राम). त्यात चॅनल 0 साफ केलेला आवाज देतो, 1 ते 4 कच्चे माइक. ते चार शेरब्रुक विद्यापीठातून आलेल्या ओडास या मोफत प्रणालीला दिले, की प्रत्येक बोलणाऱ्याचा माग वेगळा ठेवता येतो. एक चॅनलचं फर्मवेअर असेल तर ते बदलेपर्यंत हा रस्ता बंद, तेव्हा बोर्ड हातात येताच चॅनल मोजा.

शब्द ओळखणं हे या बोर्डाचं काम नाही. सोलापुरी गिऱ्हाईक मराठीत सुरुवात करून तेलुगूत किंवा कन्नडमध्ये भाव पाडतं. त्यासाठी तिन्ही भाषा जाणणारं मॉडेल वेगळं निवडावं लागेल, आणि त्याला चॅनल 0 च द्या.