सलूनमधील जेल एक्स्टेन्शन: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून मी नियमितपणे जेल एक्स्टेन्शन, म्हणजे नखांवर जेल लावून त्यांची लांबी वाढवणे, करून घेत आहे आणि या काळात पुण्यातील वेगवेगळ्या सलूनमध्ये, वेगवेगळ्या दरांत काम करून घेतले आहे. नखे किती टिकतात हे जेलच्या कंपनीपेक्षा जेल लावण्याआधी नखाची तयारी कशी होते यावर अधिक अवलंबून असते, असे माझे आता पक्के मत झाले आहे. त्यामुळे सलून निवडताना मी डिझाइनचे फोटो शेवटी पाहते.

नखाच्या मुळाशी एक पातळ, जवळजवळ न दिसणारी त्वचा नखाला चिकटून पुढे सरकत असते. ती नीट काढली नाही तर जेल नखाऐवजी त्या त्वचेवर बसते आणि आठवडाभरातच कड उचलली जाते. अनेक ठिकाणी आधी कोमट पाण्यात हात बुडवून मॅनिक्युअर करतात आणि लगेच एक्स्टेन्शन सुरू करतात, हे मला अजिबात पटत नाही. नख पाणी शोषून किंचित फुगते आणि वाळताना पुन्हा आकसते. वरचे जेल मात्र तसे आकसत नाही, त्यामुळे दोघांमधली पकड सुटू लागते. कोरडी तयारी करणाऱ्या सलूनमध्ये माझी नखे तीन आठवडे सहज टिकली आहेत. नखे करायच्या दिवशी सकाळी केसांना तेल किंवा हातांना क्रीम लावू नये, हेही सांगून ठेवते. ड्रिल मशीन नखावर जोरात फिरवली जात असेल, नख गरम होत असेल किंवा झोंबत असेल, तर तिथल्या तिथे थांबवायला सांगावे. चमक जाईल इतकेच हलके घासणे पुरेसे असते, त्यापुढे नख फक्त पातळ होते.

जेल आणि भोवतालच्या त्वचेमध्ये केसाएवढी फट सोडली जाते का, हे मी प्रत्येक बोटावर पाहते, कारण इथे प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. न वाळलेले जेल त्वचेला वारंवार लागले तर त्यातील ॲक्रिलेट वर्गातील रसायनांची ॲलर्जी होऊ शकते आणि ती बहुधा आयुष्यभर राहते. दातांच्या फिलिंगमध्ये आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतील सिमेंटमध्येही याच कुळातील रसायने असतात, म्हणजे ही ॲलर्जी पुढे अशा उपचारांतही आडवी येऊ शकते. युरोपीय संघाने जेल वाळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टीपीओ या घटकावर सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे, तेव्हा बाटलीवरचे घटक वाचायला मागण्यात संकोच करू नये. जेल वाळवण्याच्या दिव्याखाली अंगठा इतर बोटांबरोबर तिरका राहतो, म्हणून तो वेगळा वाळवून घ्यावा.

लांबीबाबत माझे मत स्पष्ट आहे. रोज कणीक मळणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हाताला बोटाच्या टोकापुढे थोडेच येणारे, बदामी आकाराचे नख झेपते. लांब नख हवेच असेल तर नखाच्या मधल्या भागाला पुरेसा उंचवटा दिलेला असावा लागतो. तो नसेल तर धक्का बसताच जेलबरोबर खालचे नखही तुटते. हळदीचा डाग फिक्या रंगाच्या टॉप कोटवर, म्हणजे जेलच्या सर्वांत वरच्या थरावर, फार लवकर चढतो. स्पिरिटने पुसले की तो थोडा कमी होतो आणि उन्हात हळूहळू फिका पडतो, पण घरात लग्न असेल तर हळदीचा कार्यक्रम उरकल्यावरच फिके नख करून घेणे शहाणपणाचे.

हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे तीन आठवड्यांनी रिफिल, म्हणजे मुळाशी मोकळ्या झालेल्या जागेत नवे जेल भरणे, करावेच लागते. नाहीतर नखाच्या मधला तो उंचवटा वाढीबरोबर पुढे सरकतो आणि सगळा भार टोकाकडे जातो. कड उचलली गेली तर घरी गोंदाने चिकटवू नये. त्या फटीत पाणी साचले की स्यूडोमोनास नावाचे जीवाणू वाढतात आणि नखावर हिरवट डाग पडतो. अशा वेळी जेल काढून नख कोरडे राहू द्यावे, डाग वाढत असेल किंवा दुखत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. रुग्णसेवेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या मैत्रिणींना मी एक्स्टेन्शन सुचवत नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या हस्तस्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांतही रुग्णांच्या थेट संपर्कात असणाऱ्यांनी कृत्रिम नखे वापरू नयेत असे सांगितले आहे.

सर्वाधिक नुकसान मात्र काढताना होते. एका सलूनमध्ये जेल उपकरणाने उचकटून काढले गेले आणि त्याबरोबर माझ्या नखाचे वरचे थरही निघाले. ते नख पूर्ण नवे यायला जवळजवळ सहा महिने लागले. विरघळणारे जेल असेल तर वरचा थर घासून ॲसिटोनचा कापूस फॉइलमध्ये दहा-पंधरा मिनिटे गुंडाळून ठेवावा लागतो. कठीण जेल विरघळत नाही, ते हळूहळू घासून शेवटचा पातळ थर नखावर तसाच ठेवतात. म्हणून पहिल्या भेटीतच दोन गोष्टी विचाराव्यात: हे जेल कोणत्या प्रकारचे आहे, आणि काढण्याचे वेगळे किती पैसे व किती वेळ लागेल. ज्या ठिकाणी पाच मिनिटांत काढून देतो असे उत्तर मिळते, तिथे मी नखे करून घेत नाही.