कुत्र्याच्या सांध्यांच्या गोळ्या: डब्याच्या मागच्या बाजूचा हिशेब

जुना डबा संपला, त्याच कंपनीचा नवा आला, आणि मागच्या बाजूची एक ओळ बदललेली निघाली. आधी लिहिलेलं असायचं 'प्रत्येक गोळीत'. आता लिहिलंय 'प्रति मात्रा, 2 गोळ्या'. आकडे जिथल्या तिथे: ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइड 500 मिग्रॅ, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट 400 मिग्रॅ (दोन्ही कूर्चेशी, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणाऱ्या लवचीक थराशी संबंधित पदार्थ). म्हणजे गोळीतला माल निम्मा झाला आणि पुढच्या बाजूला 'नवीन, सुधारित' असा पट्टा चढला. डब्यातल्या गोळ्या मात्र तेवढ्याच. पूर्वीएवढं औषध पोटात जायचं तर डबा निम्म्या दिवसांत संपणार.

दुसरा बदल मला जास्त खटकला. खालच्या पाच घटकांचे आकडे आधी वेगवेगळे दिलेले होते. आता सगळे एका नावाखाली गोळा केलेत: 'सांधे आधार मिश्रण, 600 मिग्रॅ'. त्यात ग्रीन लिप्ड मसल (एक शिंपला), फिश ऑइल, एमएसएम (गंधक असलेलं एक संयुग), हळदीचा अर्क आणि हायलुरॉनिक ॲसिड (सांध्यातल्या वंगणाचा घटक). कशाचं किती, याचा पत्ता नाही.

कस्टमर केअरला मेल केला. या मिश्रणातलं प्रत्येकाचं प्रमाण किती, फिश ऑइलमध्ये ईपीए आणि डीएचए (त्यातली ओमेगा-3 प्रकारची उपयोगी मेदाम्लं) मिळून किती, आणि या बॅचचा तपासणी अहवाल मिळेल का, एवढंच विचारलं. उत्तर आलं की फॉर्म्युला गोपनीय आहे आणि उत्पादन पशुवैद्यांनी शिफारस केलेलं आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. फोनवरच्या मुलीचा आवाज नम्र होता, तिचा यात काही दोष नाही, पण तिच्यासमोरही तोच कागद होता. कृती गोपनीय ठेवा, माझी हरकत नाही. पण जे माझ्या कुत्र्याच्या पोटात जातं त्याचं वजन सांगायला काय अडचण आहे? त्या रागातूनच हे सविस्तर लिहिते आहे.

आमचा शेरा लॅब्राडोर आहे, दहाव्या वर्षात. दोन्ही खुब्यांत हिप डिस्प्लेसिया, म्हणजे सांधा खोबणीत नीट न बसणं, आणि त्यातून आलेला ऑस्टिओआर्थ्रायटिस, सांधे झिजण्याचा संधिवात. सकाळी उठताना मागचे पाय जड, गाडीत उडी मारायची टाळाटाळ, फिरून आल्यावर लंगडणं. डॉक्टरांनी एक्स-रे बघून दोन गोष्टी एकदमच सुरू करायला सांगितल्या: वजन कमी करणं आणि या गोळ्या. वेदनाशामक गरज पडेल तेव्हा, त्यांना विचारूनच. वजन 34 किलो होतं, ते हळूहळू 32 वर आलं. काही महिन्यांत फरक दिसायला लागला. उठणं सुधारलं, चाल मोकळी झाली. घरात सगळ्यांनी श्रेय गोळीला दिलं, मीही. नवा डबा आला नसता तर हा अनुभव पाच ताऱ्यांचा झाला असता.

ती ओळ बदलली म्हणून मी वाचायला बसले, आणि एकेका घटकाबद्दलचं माझं मत बदलत गेलं.

ग्लुकोसामाइनपासून सुरुवात करते, कारण सगळ्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत तेच असतं. 500 मिग्रॅ लिहिलंय ते नुसत्या ग्लुकोसामाइनचं नाही, हायड्रोक्लोराइड जोडलेल्या अख्ख्या क्षाराचं वजन आहे. हायड्रोक्लोराइडमध्ये शुद्ध ग्लुकोसामाइन सुमारे 83 टक्के असतं. सल्फेट प्रकारात त्याहून बरंच कमी, कारण ते टिकावं म्हणून सोडियम किंवा पोटॅशियम क्लोराइड सोबत जोडलेलं असतं. म्हणून दोन डब्यांवरचे 500 सारखे नसतात. पुढचा प्रश्न रक्तात किती पोचतं हा. बीगल कुत्र्यांवर 2002 साली झालेल्या अभ्यासात तोंडावाटे दिलेल्या ग्लुकोसामाइनपैकी सुमारे 12 टक्के आणि कॉन्ड्रॉइटिनपैकी सुमारे 5 टक्के रक्तात सापडलं. सांध्यापर्यंत पोचतं ते त्याच्याही पुढचं गणित.

आणि उपयोग? 2007 च्या एका चाचणीत 35 कुत्र्यांपैकी ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन मिळालेल्यांना 70 व्या दिवशी वेदनेत फरक दिसला, पण तिथे तुलना कारप्रोफेन या वेदनाशामकाशी होती, नुसत्या निष्क्रिय गोळीशी नव्हती. त्याआधी 2003 साली, पाय जमिनीवर किती जोर देतो हे मोजणाऱ्या फोर्स प्लेटवर 71 कुत्रे चालवले गेले. कारप्रोफेन आणि मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकांनी फरक पडला, ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळीने नाही. 2022 साली कुत्र्यामांजरांवरच्या 72 चाचण्या एकत्र तपासून एक मोठा आढावा निघाला. त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता: ओमेगा-3 चा वेदनेवर परिणाम दिसतो, ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा दिसत नाही, तेव्हा सांध्यांच्या दुखण्यासाठी ते देऊ नये. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले, कारण मी पैसे मुख्यतः त्यासाठीच मोजत होते.

कॉन्ड्रॉइटिनमध्ये भेसळीचाही प्रश्न आहे. ते गुरांच्या श्वासनलिकेच्या किंवा डुक्कर, शार्क यांच्या कूर्चेपासून काढतात, आणि महाग असतं. ते मोजण्याची जुनी स्वस्त पद्धत दुसऱ्या स्वस्त पदार्थांनी फसते, एन्झाइमने तोडून मोजायची पद्धत फसवायला अवघड आहे. बॅचचा अहवाल मी मागितला तो यासाठी. अहवालात कॉन्ड्रॉइटिन कोणत्या पद्धतीने मोजलं हे लिहिलेलं असतं, आणि ते वाचून पुष्कळ कळतं.

मग शेराला दिसलेला फरक कशाचा? त्याचं वजन दोन किलोने, म्हणजे जवळजवळ सहा टक्क्यांनी उतरलं होतं. 2010 साली जाड, लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या एका अभ्यासात वजन साधारण 6 टक्के उतरलं की लंगडणं मोजण्याइतकं कमी होतं असं दिसलं. लॅब्राडोरांचाच आणखी मोठा अभ्यास आहे: 48 पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला आयुष्यभर 25 टक्के कमी अन्न दिलं. 2002 साली आलेल्या निकालात कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 1.8 वर्षांनी जास्त निघालं आणि सांध्यांच्या दुखण्यावर उपचार लागायची वेळही बरीच उशिरा आली. सांध्यासाठी याहून पक्का पुरावा असलेला घटक मला कुठल्याच डब्यात सापडला नाही.

शिवाय आपण मालक बघतो ते किती खरं असतं? निष्क्रिय गोळी मिळालेल्या 58 कुत्र्यांचा 2012 साली अभ्यास झाला. फोर्स प्लेटवर काहीच सुधारणा नसताना निम्म्याहून जास्त मालकांना कुत्रा सुधारलेला वाटला, आणि पशुवैद्यांनाही तसं वाटल्याची उदाहरणं पुष्कळ होती. प्रेमाने बघणाऱ्याला हे होणारच. म्हणून डॉक्टरांशी बोलून आम्ही गोळी काही आठवडे थांबवली, बाकी सगळं तसंच ठेवलं आणि रोज त्याच वेळी, त्याच वाटेवर शेराच्या चालण्याचा व्हिडिओ काढला. घरातल्या ज्यांना गोळी बंद आहे हे माहीत नव्हतं त्यांना आधीचे आणि नंतरचे व्हिडिओ दाखवले. कोणालाही वेगळं सांगता आलं नाही.

इथे माझं मत पूर्ण उलटलं. पण 'सगळी सप्लिमेंट्स फसवी' असंही माझं मत नाही, कारण पुढचा भाग फिश ऑइलचा आहे, आणि तिथे आकडेच सगळं सांगतात.

फिश ऑइलचा उपयोग होतो तो त्यातल्या ईपीए आणि डीएचए या दोन मेदाम्लांचा, तेलाच्या एकूण वजनाचा नाही. ईपीए पेशींच्या आवरणात जाऊन ॲराकिडोनिक ॲसिड या दुसऱ्या मेदाम्लाची जागा घेतं, त्यामुळे सूज वाढवणारी द्रव्यं कमी तयार होतात. म्हणूनच परिणाम दिसायला आठवडे लागतात. 2010 साली आलेल्या चाचण्यांत फिश ऑइलयुक्त आहारावरच्या कुत्र्यांची चाल सुधारली, आणि कारप्रोफेन चालू असलेल्यांचा डोस कमी करता आला. संधिवातासाठी पशुवैद्यकीय साहित्यात सुचवलेली मात्रा आहे रोज ईपीए आणि डीएचए मिळून 310 मिग्रॅ, गुणिले किलोतल्या वजनाचा 0.75 वा घात. सोळा किलोच्या कुत्र्याला हा आकडा 2480 येतो. शेराच्या 32 किलोंना साधारण 4170 मिग्रॅ.

आता आमचा डबा घ्या. सगळंच्या सगळं 600 मिग्रॅ मिश्रण म्हणजे फिश ऑइलच आहे असं धरूया, जे अर्थातच नाही. साध्या फिश ऑइलच्या 1000 मिग्रॅमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून 300 मिग्रॅच्या आसपास असतात. म्हणजे 600 मध्ये 180. मोठ्या कुत्र्याला रोज दोन मात्रा द्या असं कंपनी सांगते, म्हणजे 360. लागतात 4170. कंपनीच्या बाजूने जास्तीत जास्त उदार होऊन धरलेला आकडा गरजेच्या एक दशांशही नाही. तरी पुढच्या बाजूला माशाचं चित्र आणि 'ओमेगा-3 युक्त' हे शब्द. मला राग येतो तो याचा. उपयोगी असलेला एक घटक घ्यायचा, नावापुरता टाकायचा, आणि किती टाकला ते मिश्रणाच्या आकड्यामागे लपवायचं. लपवलेलं नसतं तर कोणीही पाच मिनिटांत हा हिशेब केला असता.

आम्ही वेगळं फिश ऑइल घेतलं. साध्या तेलाने ही मात्रा गाठायची तर रोज चौदा ग्रॅम तेल, म्हणजे सव्वाशे कॅलरी. ज्याचं वजन उतरवायचंय त्याला हे परवडत नाही, म्हणून ग्रॅमला ईपीए आणि डीएचए मिळून 600 मिग्रॅ असलेलं दाट तेल. या तेलाच्या कॅलरी जेवणातून वजा केल्या. सुरुवात पाव मात्रेने केली, कारण एकदम दिलं की पोट बिघडतं, आणि ज्यांना स्वादुपिंडाचा त्रास झालेला आहे अशा कुत्र्यांना हे तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. कॉड लिव्हर ऑइल हा पर्याय नाही. त्यात जीवनसत्त्व अ आणि ड इतकं असतं की ही मात्रा गाठेपर्यंत त्यांचा विषारी साठा होईल. जवसाचं तेलही चालत नाही, कुत्र्याचं शरीर त्यातल्या ओमेगा-3 चं ईपीए फारच थोडं बनवतं. बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. खवट वास आला तर टाकून द्या.

पूर्ण मात्रेवर काही आठवडे गेल्यावरचे व्हिडिओ पुन्हा घरच्यांना दाखवले, तारखा झाकून. या वेळी ओळखू आले. उठताना मागचा उजवा पाय आधी टेकायला लागलाय, लांब फिरल्यावरचं लंगडणं कमी झालंय. हा एका कुत्र्याचा अनुभव आहे, याहून मोठा दावा मी करणार नाही.

बाकीच्या घटकांबद्दल थोडक्यात. ग्रीन लिप्ड मसल हा न्यूझीलंडचा शिंपला. त्याबद्दल काही चाचण्यांत चांगले निकाल आहेत, पण उष्णतेने त्यातली मेदाम्लं खराब होतात, म्हणून ते गोठवून वाळवलेलं आहे का हे बघावं. आमच्या डब्यावर ते लिहिलेलंच नाही. हळदीचं कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं. एमएसएमसाठी कुत्र्यांमधला पुरावा फार तुटपुंजा. आमच्या डब्यात नसलेलं अनडिनेचर्ड, म्हणजे मूळ रचना न मोडलेलं, टाइप टू कोलॅजेन मला लक्ष देण्याजोगं वाटतं. ते रोज 40 मिग्रॅ एवढंच देतात, कारण ते कूर्चेची भर घालत नाही, आतड्यातल्या प्रतिकारपेशींना स्वतःच्या कूर्चेवर हल्ला न करण्याची सवय लावतं. ग्रॅममध्ये मिळणारी हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेल्या, कोलॅजेनची पावडर ही पूर्ण वेगळी वस्तू आहे. नुसतं 'कोलॅजेन' लिहिलेल्या डब्यावरून यातलं कोणतं ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांत आधी तपासा, मिलिग्रॅमच्याही आधी. झायलिटॉल. माणसांच्या चघळायच्या गोळ्यांत ते गोडीसाठी असतं, काही वेळा 'बर्च शुगर' या नावाने. कुत्र्यात ते इन्सुलिन एकदम वाढवून साखर धोकादायकपणे खाली आणतं आणि यकृत निकामी करू शकतं. स्वस्त पडतात म्हणून माणसांच्या सांध्यांच्या गोळ्या कुत्र्याला देणारे खूप आहेत. त्यांनी आज डबा उलटा करून वाचावा. आणि कुत्र्यांच्या चवदार गोळ्यांचा डबा त्यांच्या तोंडाला लागेल असा ठेवू नका, एका बैठकीत सगळा फस्त करतात आणि मग दवाखाना गाठावा लागतो.

कंपनीकडून शेवटचा मेल आला तो पुढच्या खरेदीवर सवलतीचा. मिश्रणातले आकडे अजून नाहीत. ज्या कंपन्या प्रत्येक घटकाचं प्रमाण, त्याचा प्रकार आणि बॅचचा अहवाल न मागता देतात अशाही आहेत, आणि मी पैसे त्यांनाच देणार. गोळी बंद केली आहे. फिश ऑइल आणि वजनाचा काटा चालू आहे. पुढचं लक्ष्य 30 किलो, मग तेलाची मात्राही नव्या वजनाने पुन्हा मोजावी लागेल.

तुम्ही हे तेल सुरू करणार असाल तर डॉक्टरांना सांगूनच करा, आणि दात काढायचा असो की गाठ, भूल देण्याआधी ते चालू आहे हे आठवणीने सांगा. जास्त मात्रेत ते रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतं. किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील.