सोनौली बॉर्डरवर आमचे सत्तावीस हजार कसे गेले (बसनं नेपाळला जाणाऱ्यांनी वाचा)

लिहू का नको म्हणत दोन महिने गेले, कारण आपलीच फजिती आपणच चारचौघात सांगायची म्हणजे अवघडच. पण गल्लीतल्या दोघातिघांनी पशुपतिनाथाचं विचारायला सुरुवात केली म्हणून लिहायलो. सगळे आकडे वहीत टिपलेले हेत, अंदाजपंचे काही नाही.

आधी आमचं सांगतो. सेलूला खत-बियाणाचं दुकान हे, म्हणजे हिशोब हाच धंदा. आबांचं वय ७२. परळी, औंढा, घृष्णेश्वर ही आपली मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं तर त्यांची कितीदा झालीत, आदल्या वर्षी केदारनाथही झालं, आणि तिथं कुणीतरी डोक्यात घातलं की पशुपतिनाथ केल्याशिवाय केदारनाथ पुरं होत नाही. मग काय, घरात रोज तेच. शेवटी २०२३ च्या एप्रिलमध्ये, खरीपाची गडबड सुरू व्हायच्या आत, नऊ जण निघालो. आबा, माय, मी, बायको, पोरगा, आक्का, दाजी आणि शेजारचे काका-काकू. सेलूहून मनमाड, मनमाडहून काशी एक्स्प्रेस. काशीत दोन दिवस दर्शन, गंगा, सगळं झकास झालं, आणि तिथून गोरखपूर.

गोरखपूरचा तो लांबलचक प्लॅटफॉर्म, १३६६ मीटर म्हणे, आमचा डबा नेमका टोकाला. माय चालून चालून घामाघूम झाली, बाहेर आलो तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरलेली. अशा वेळी माणूस कुणाच्याही हातात बॅग देतो. तिथं एक जण आला, चाळिशीचा, स्वच्छ शर्ट, आणि म्हणला, "काय भाऊ, महाराष्ट्र का? मी भिवंडीला होतो सात वर्ष." मोडकं का होईना मराठी बोलला ना, आमच्या मंडळींना तो पाहुणाच वाटायला लागला. काकूनं तर त्याला डब्यातला लाडू दिला. मी पण विरघळलो, खोटं कशाला बोलू.

त्याचं म्हणणं असं, गोरखपूर ते काठमांडू डायरेक्ट एसी बस, वर काठमांडूत एक रात्र हॉटेल, सकाळचा नाश्ता, माणशी १८००. मी म्हणलं हॉटेल नको, नुसतं तिकीट द्या. तर म्हणला तसं मिळत नाही, पॅकेजच घ्यावं लागतं. आता बघा, मी स्वतः खतवाला. युरिया पाहिजे तर सोबत दुसरं काहीतरी घ्यावंच लागतं, ते लिंकिंग आम्ही कंपनीकडून सोसतो आणि शेतकरी आमच्याकडून सोसतो. म्हणजे लिंकिंग दिसल्याबरोबर मला वास यायला पाहिजे होता. नाही आला. १६,२०० रोख दिले आणि एक पिवळी पावती घेतली, त्यावर पेनानं नऊ माणसं आणि "काठमांडू" लिहिलेलं, ना बसचा नंबर ना सीटचा.

आणि बसवलं कशात? रोडवेजच्या साध्या बसमध्ये. तिकीट त्यानंच काढलं. एसी बस सोनौलीला उभी हे म्हणे, इथून बॉर्डरपर्यंत हीच. तीन तास लागले. सोनौलीच्या अलीकडं ट्रकांची रांग सुरू होते ती संपतच नाही.

सोनौलीला उतरलो तर एक पोरगं आमचीच वाट बघत उभं. नऊ जण, महाराष्ट्र, सगळं त्याला माहीत. दाजी म्हणले, बघा, सर्व्हिस चांगली हे. आता कळतंय की त्या लाडूवाल्यानं पुढच्याला फोन केला होता, माल पाठवलाय म्हणून. त्यानं पाच सायकल रिक्षा बोलावल्या, एकेकीला १००. बॉर्डर पायी किती लांब हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. येताना आम्ही तेच अंतर पायी आलो, मायसकट.

मग आला कार्डांचा विषय. बायकोकडं आणि आक्काकडं नुसतं आधार होतं. पोरगं म्हणलं, "आधार नहीं चलेगा, सबका पास बनाना पड़ेगा, दो सौ का एक." खरा डाव इथंच हे. ही लोकं पूर्ण खोटं बोलत नाहीत, अर्धं खरं बोलतात. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड पाहिजे. १५ वर्षाच्या आतली लेकरं आणि ६५ च्या वरचे म्हातारे यांना आधार चालतं, मधल्यांना नाही. म्हणजे आमच्या दोघींची कागदं कच्ची होती हे खरंच. पण त्यावर "पास" नावाची कुठली गोष्टच नाही, आपल्या नागरिकाला जायची-यायची फी नाही, १९५० च्या करारापासून ही बॉर्डर दोन्हीकडच्या लोकांना मोकळी हे. ज्यांच्याकडं मतदान कार्ड होतं त्यांचेही २०० घेतले, आबांचेही घेतले. १८०० रुपयात नऊ चिठ्ठ्या. पलीकडं त्या चिठ्ठ्या कुणी मागितल्या पण नाहीत.

तेवढ्यात त्यानं घाई सुरू केली. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं, हे मला माहीत नव्हतं. म्हणलं सव्वासहा झालेत, बस सहा पंचेचाळीसला. तर म्हणतो, "उधर साढ़े छह हो गया, जल्दी करो." मोबाईलवरचं टाइम पण उडी मारून पुढं गेलं आणि आमच्या पोटात गोळा आला. त्या पंधरा मिनिटात त्यानं नोटांचं काम उरकलं.

आमच्याकडं सगळ्या पाचशेच्या नोटा. नेपाळनं २०१८ च्या डिसेंबरात शंभरच्या वरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या, म्हणजे परत अर्धं खरं. पोरगं म्हणलं पाचशेची नोट सापडली तर पोलीस धरतील, इथंच बदलून घ्या. एका टपरीत नेलं. २५,००० दिले, भाव म्हणे एकाला एक चाळीस. मी आपला कॅल्क्युलेटर काढून गुणाकार केला आणि ३५,००० बरोबर येतात म्हणून खूश! गुणाकार बरोबर होता, भावच चुकीचा होता. भारताच्या एका रुपयाला नेपाळचे १.६० हा भाव १९९३ पासून बांधलेला हे, रोज बदलत नाही, शंभराला एकशे साठ म्हणजे साठच. मला ४०,००० मिळायला पाहिजे होते. वरून बंडलात हजाराच्या दोन नोटा कमी निघाल्या, त्या बसमध्ये बसल्यावर कळल्या. त्यांच्या हजाराच्या नोटेवर हत्ती असतो, आबा एकेक हत्ती मोजत बसले आणि म्हणले, "आरं, तेहतीसच हेत." त्यातला पण एक हत्ती मधोमध फाटलेला, चिकटपट्टी लावलेला.

पोरगं कमानीपाशी थांबलं, पुढं आलं नाही. पलीकडं नेपाळच्या बाजूचं बेलहिया, तिथल्या बसच्या काउंटरवर मी रुबाबात पिवळी पावती ठेवली. त्या माणसानं ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणला, "यो त हाम्रो होइन." एवढी नेपाळी कुणालाही कळते. गोरखपूरवाल्याला फोन लावावा तर नेटवर्क गेलेलं, रोमिंग काही आम्ही केलेलं नव्हतं. माय बॅगेवर बसलेली, अंधार पडायला लागलेला, डास चावायलेत, दाजी माझ्या तोंडाकडं बघायलेत. पैसे गेल्यापेक्षा ते बघणंच जास्त लागलं.

म्हणलं नवीन तिकीट किती? "बारह सौ." नऊ जणांचे १०,८००, माझ्या हातात नेपाळी नोटा हेतच, म्हणलं चला. सामान टपावर चढलं, दोरी बांधली, म्हातारी माणसं सीटवर बसली, आणि मग तो पैसे घ्यायला आला. मी १०,८०० मोजून दिले तर म्हणतो, "आयसी, आयसी." आयसी म्हणजे इंडियन करन्सी आणि एनसी म्हणजे नेपाळी करन्सी, तिकडं प्रत्येक भावाच्या मागं हे दोनातलं एक शेपूट असतं आणि त्यानं ते मुद्दाम गिळलं होतं. म्हणजे नेपाळी १७,२८० द्या. शेजारच्या खिडकीवर तीच बस, तेच बाराशे, एनसीमध्ये, माझ्या डोळ्यादेखत एक नेपाळी कुटुंब देऊन गेलं. मी भांडलो. तर टपावरचं सामान खाली फेकायला पोरगं वर चढलं. दिले.

आबा जन्मभर बैलबाजार केलेला माणूस, हाळी-हंडरगुळीच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव केलेले. ते एवढंच म्हणले, "आपल्याकडं भाव झाकतेत पण दोघालाबी माहीत असतो." दुसरं काही बोलले नाहीत त्या रात्री.

प्रवासाचं काय सांगू. एसी नव्हतं हे वेगळं सांगायला नको. बुटवल ते नारायणगढ रस्त्याचं काम चालू, सगळी धूळ आत, सकाळी काठमांडूत कलंकीला उतरलो तेव्हा एकमेकांना ओळखू येत नव्हतो. हॉटेलात आमचं नाव नव्हतं, ते तर धरूनच चाललो होतो.

पशुपतिनाथाचं दर्शन मात्र छान झालं. तिथं बाजारात विट्याकडचा एक गलाईवाला भेटला, सोनं गाळायचं काम करतो, मराठी ऐकून स्वतःहून आला. खरं सांगतो, मराठी ऐकून आलेल्या माणसाकडं मी आधी संशयानंच बघितलं. पण ह्यानं चहा पाजला, एक पैसा घेतला नाही, आणि १.६० चं गणित त्यानंच सांगितलं. म्हणला, भाव विचारताना पहिला प्रश्न "एनसी का आयसी", आणि सामान चढवायच्या आत. तिकीट ज्या देशातल्या बसचं त्याच देशात काढायचं, बॉर्डरपर्यंत आपलं, बॉर्डरच्या पुढं त्यांचं, मधला कुणी नाही. शंभराच्या नोटा घरूनच न्यायच्या.

परतीला तसंच केलं. काठमांडूत काउंटरवर तिकीट, एनसी विचारून. बेलहियाला उतरलो, पायी आलो, समोर रोडवेज उभी. कुणी अडवलं नाही, कुणी पास मागितला नाही.

गोरखपूरला मी त्या माणसाला शोधायला गेलो. त्याच जागी दुसराच उभा होता, म्हणला "वो तो गाँव गया है." तक्रार द्यायची होती, पण गाडीला दोन तास, आणि पुरावा काय तर पेनानं लिहिलेली पिवळी चिठ्ठी. नाही दिली. द्यायला पाहिजे होती, आक्का आजपण बोलून दाखवते.

घरी आल्यावर वही काढली. पावतीचे १६,२००, रिक्षा ५००, पास १८००, भावातले ३,१२५, दोन हत्ती म्हणजे १,२५०, आणि आयसी-एनसीचा फरक ४,०५०. एकूण २६,९२५. गोरखपूर-सोनौलीचं खरं तिकीट त्यातून वजा करा, तरी त्या वर्षीच्या भावानं पाचेक क्विंटल सोयाबीन गेलं.

फाटका हत्ती ह्यात धरला नाही. तो काठमांडूत कुणीच घेतला नाही, आता दुकानाच्या गल्ल्यात पिवळ्या पावतीला टाचून ठेवलाय. आबा अधूनमधून काढून बघतात आणि म्हणतात, राहू दे, मुक्तिनाथाला जाऊ तेव्हा चालवून बघू.