कारखान्यातल्या संगणकासाठी टनेल कोणता? वायरगार्ड, ओपनव्हीपीएन की एसएसएच

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचा लिनक्स संगणक दिवसरात्र चालू, आणि मालकाला तो घरून, पुण्याहून, कधी गाडीतून उघडायचा. अशा वेळी आधी टनेल (इंटरनेटमधून त्या संगणकापर्यंतची कुलूपबंद खाजगी वाट) ठरतो आणि मे महिन्यात यंत्र तापलं की पंख्याची धावाधाव होते. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जाणाऱ्या गावात हे दोन्ही एकदमच ठरवावं, कारण एन्क्रिप्शनचा (माहिती कुलूपबंद करण्याचा) भार प्रोसेसरच उचलतो.

सुरुवात ‘एलएससीपीयू’ या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेने करा. यादीत ‘एईएस’ (त्या नावाच्या एन्क्रिप्शनसाठी प्रोसेसरमधली खास सोय) दिसलं तर तिन्ही पर्याय मोकळे. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकामध्ये ते नाही (पाय ५ मध्ये आहे). तिथे एईएसवर चालणारा ओपनव्हीपीएन प्रोसेसरला घाम फोडतो. वायरगार्ड चाचा२० ही दुसरी एन्क्रिप्शन पद्धत वापरतो, त्याला या खास सोयीची गरज नाही; शिवाय मार्च २०२० मधल्या ५.६ आवृत्तीपासून तो लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे. ओपनव्हीपीएनलाही २.५ पासून चाचा२० वर आणता येतं, पण नेहमीच्या मांडणीत त्याचं प्रत्येक पॅकेट (माहितीचा तुकडा) कर्नलबाहेर जाऊन परत येतं. तो खर्च उरतोच.

आमचं मत सरळ आहे: बहुतेकांनी वायरगार्ड घ्यावा. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कुर्डुवाडीच्या आसपास मोबाइलचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलला तरी त्याचा टनेल तुटत नाही, पुढच्या पॅकेटला नवा पत्ता आपोआप धरला जातो. एसएसएचचं (दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याच्या साधनाचं) कनेक्शन तिथेच लटकतं.

वायरगार्ड अडतो तो मात्र ठरलेल्या जागी. घरी आणि कारखान्यात, दोन्हीकडे राउटर १९२.१६८.१.० च्याच जाळ्यावर असतो. मग टनेल जुळूनही काही उघडत नाही. कारखान्याचं जाळं १९२.१६८.४७.० करा आणि क्लायंटच्या (मालकाच्या यंत्राच्या) ‘अलाउड आयपीज’मध्ये, म्हणजे टनेलमधून जायच्या पत्त्यांच्या यादीत, तेवढंच जाळं आणि टनेलचा स्वतःचा पत्ता लिहा. तिथे ०.०.०.०/० (म्हणजे सगळेच पत्ते) टाकलंत तर मालकाचे व्हिडिओसुद्धा कारखान्याच्या अपलोडमधून फिरतात. राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक आयपीमागे आहात, पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेली जोडणी राउटरने आतल्या संगणकाकडे पाठवण्याचा) उपयोग नाही. मधे एक छोटा क्लाउड सर्व्हर (इंटरनेटवरचा भाड्याचा संगणक) घ्या आणि कारखान्याच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (जोडणी जागी ठेवणारा संदेश) २५ सेकंदांवर ठेवा. वायरगार्डची स्थिती दाखवणाऱ्या ‘डब्ल्यूजी शो’ आज्ञेमध्ये ‘लेटेस्ट हँडशेक’ (दोन बाजूंची शेवटची ओळख पटणं) ही ओळच नसेल तर दोष किल्लीत किंवा पोर्टमध्ये (बहुतेक ठिकाणी यूडीपी ५१८२०) शोधा. ओळ असून काही उघडत नसेल तर रूटिंग (पॅकेटचा मार्ग) बघा.

एक फसवी भानगड लाइट गेल्यावर होते. रास्पबेरी पायमध्ये घड्याळाची बॅटरी नसेल तर तो जुनी वेळ घेऊन उठतो. वायरगार्डचा समोरचा सर्व्हर आधीपेक्षा जुन्या वेळेचा हँडशेक नाकारतो. सगळं इंटरनेट टनेलमधूनच जात असेल तर वेळ दुरुस्त करणारी विनंतीही बाहेर पडत नाही, आणि यंत्र अडकून बसतं.

एसएसएच कोणी घ्यावा? वापरणारा एकटा आणि हवा एकच प्रोग्रॅम, उदाहरणार्थ पोस्टग्रेस या डेटाबेसचा ५४३२ पोर्ट. ईडी२५५१९ प्रकारची किल्ली, पासवर्डने लॉगिन बंद, ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ३० सेकंद; दहा मिनिटांचं काम.

ओपनव्हीपीएनला दोनच कारणं उरतात. हॉटेलचं किंवा ऑफिसचं वायफाय वायरगार्डला लागणारं यूडीपी अडवत असेल तर ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ या वेबसाइटच्या नेहमीच्या पोर्टवरून जातो, मात्र टीसीपीच्या पोटात टीसीपी म्हणजे खराब नेटवर्कवर रखडणं आलंच. दुसरं कारण, माणसं येतात-जातात आणि त्यांची लॉगिनची प्रमाणपत्रं रद्द करावी लागतात. रद्द केलेल्यांची यादी ईझी-आरएसए या प्रमाणपत्रं काढणाऱ्या साधनामध्ये मुळात १८० दिवसांचीच असते. ती नव्याने काढायची राहिली तर एके सकाळी सगळ्यांचंच लॉगिन बंद पडतं.

आता उष्णता. डेस्कटॉपवर ‘सीपीयूपॉवर’ ही प्रोसेसरचा वेग ठरवणारी आज्ञा पुरे: ‘फ्रीक्वेन्सी-सेट’ला ‘यू’ पर्याय देऊन कमाल वेग २.४ गिगाहर्ट्झवर बांधा. रीबूटनंतर ते पुसलं जातं, म्हणून सिस्टमडीची (यंत्र सुरू होताना आपोआप चालणारी) सेवा करून ठेवा. नव्या इंटेलवर ‘पॉवरसेव्ह’ गव्हर्नर (वेग ठरवायची पद्धत) पाहून दचकू नका, तो वेग तळाला नेऊन ठेवत नाही. ‘टीएलपी’ हे वीज वाचवणारं साधन लॅपटॉपसाठी. खरं तर जुना लॅपटॉप हाच इथे सर्वात शहाणा सर्व्हर, लाइट गेली तरी बॅटरी आहे. ती सतत चार्जरवर फुगू नये म्हणून चार्जिंग ७५ टक्क्यांना सुरू, ८० टक्क्यांना बंद असं ठेवा. मॉडेल साथ देतं का ते ‘टीएलपी-स्टॅट’ला ‘बी’ देऊन कळतं. सोबत ‘पॉवर-प्रोफाइल्स-डीमन’ हे तसंच दुसरं साधन चालू ठेवू नका, दोघं एकमेकांचं केलेलं पुसतात. ‘पॉवरटॉप’ या आणखी एका वीज वाचवणाऱ्या साधनाचं ‘ऑटो-ट्यून’ सर्व्हरवर नकोच. ते यूएसबीला झोपवतं, आणि लॅनचं अडॅप्टर यूएसबीचं असेल तर टनेलही त्याच्याबरोबर झोपू शकतो.

रास्पबेरी पायवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा चालवा. ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० आलं तर सुरू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज पडलं होतं आणि वेगही कापला गेला होता: आधी चार्जर बदला, मग पंखा. लूमजवळच्या यंत्रात मात्र आधी झाकण उघडा. हीटसिंकच्या पात्यांत सुताचे तंतू नमद्यासारखे बसलेले असतील, तर वेग कितीही बांधला तरी ‘सेन्सर्स’ आज्ञेतला तापमानाचा आकडा उतरत नाही.